भिंतीतले लोखंड

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या इस्लामपुरात पेठेतील दुकाने उजळून निघतात. नव्या वह्यांवर कुंकवाची बोटे उमटतात आणि वर्षभर कुरकुरत राबणारा तराजू त्या दिवशी झेंडूची माळ घालून पाटावर बसतो. लहानपणी मला फटाक्यांपेक्षा एका सराफाच्या दुकानातील काचेच्या पेटीचे आकर्षण अधिक होते. त्या पेटीत सोने तोलण्याचा काटा असे. मी काचेला नाक लावून पाहत उभा राहिलो की सराफ पेटीचे दार उघडण्यापूर्वी म्हणायचे, "पोरा, जरा मागं सर. तुझ्या श्वासानं काटा हलतो."

मला त्या बोलण्याचा राग येई. मी काही चोर नव्हतो, सोन्याला हातही लावत नव्हतो. नुसता उभा होतो, श्वास घेत होतो. आणि तरी म्हणे काटा हलतो! नुसत्या उभे राहण्याने आपण कुणाचे माप बिघडवू शकतो, ही गोष्ट पटायला मला पुढे तीस-बत्तीस वर्षे लागली. आणि पटली तीही सराफाच्या दुकानात नव्हे, अलिबागेत.

वाचकहो, मी मराठी शिकवणारा मास्तर आहे. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. मॅट्रिकनंतर विज्ञानाचे पुस्तक मी पुन्हा उघडले नव्हते. तेव्हा पुढे विज्ञानाची जी चार वाक्ये येतील, ती ऐकणाऱ्याची आहेत, जाणणाऱ्याची नव्हेत, हे आधीच सांगून ठेवतो. शाळेची सहल अलिबागला निघाली, ती विज्ञानदिनाच्या सुमारास. मुलांचा सारा जीव समुद्रात आणि कुलाबा किल्ल्यात. त्यांना वेधशाळेकडे वळवताना आमच्या विज्ञानाच्या मास्तरांची दमछाक झाली. "सर, तिथं तारे दिसतात का?" असे एकाने विचारले. तारे दिसत नाहीत, असे कळताच रांगेतला उत्साह निम्म्यावर आला.

तेथे मोजले जाते ते पृथ्वीचे चुंबकत्व. ज्या अदृश्य ओढीमुळे होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करते, तिचे बळ किती, दिशा कोणती, ती आज किती हलली, हे तेथे रात्रंदिवस टिपून ठेवतात. या बळाचे माप नॅनोटेस्लात करतात. नॅनोटेस्ला म्हणजे टेस्लाचा अब्जावा भाग. आपल्या भागात हे बळ सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला भरते, आणि आजची यंत्रे त्यातला एका नॅनोटेस्लाच्या दहाव्या हिश्शाचा फरकही दाखवतात. म्हणजे चार लाखांत एक! चार लाख ज्वारीच्या दाण्यांच्या राशीतून एक दाणा उचलला, तर कोणाच्या लक्षात येईल?

आम्हाला माहिती देणाऱ्या गृहस्थांनी मुलांना यंत्रांच्या खोल्यांपासून लांब थांबवले आणि विचारले, "तुमच्या खिशात काय काय आहे?" खिसे उलटे झाले. किल्ल्या, एक पाते मोडलेला चाकू, कंपासपेटी, सायकलच्या चाकातल्या लोखंडी गोळ्या, कमरेच्या पट्ट्यांची बक्कले. माझ्या खिशातून शाळेच्या कपाटाचा जुडगा निघाला. "हे घेऊन यंत्राजवळ गेलात," ते म्हणाले, "तर यंत्र पृथ्वीऐवजी तुमच्या किल्ल्या मोजायला लागेल. आणि गंमत अशी, की ते खोटं बोलत नसेल. किल्ल्यांसकट जे आहे, तेच ते प्रामाणिकपणे सांगेल."

हे शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. कपाटाच्या किल्ल्यांसाठी नव्हे. का, ते पुढे येईल.

ही वेधशाळा अलिबागेत का आली, त्याची कथा मोठी नामी आहे. मूळ वेधशाळा मुंबईत, कुलाब्याला. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ साली काढली. तेथे चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली १८४१ साली. आपले दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही काही काळ या वेधशाळेचा कारभार होता. साठ वर्षे तेथे आकडे भरले जात होते. आणि मग मुंबईला विजेच्या ट्रामची स्वप्ने पडू लागली. १८७४ पासून मुंबईत ट्राम घोडे ओढत होते. घोड्यांचा वेधशाळेला काही उपद्रव नव्हता. त्यांच्या नालांचे लोखंड होते, पण ते लांबून जाई. विजेच्या ट्रामचे तसे नाही. तिची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते, आणि रुळांतून काही जमिनीत झिरपते. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकत्व उभे राहतेच. म्हणजे प्रत्येक ट्रामबरोबर कुलाब्याच्या सुया थरथरणार, आणि साठ वर्षांच्या शुद्ध नोंदींत पुढे पृथ्वीबरोबर ट्रामचेही वेळापत्रक लिहिले जाणार!

आता सांगा, कोणी हलायचे? घाईत असलेल्या हजारो माणसांनी, की कुठल्याशा खोलीत टांगलेल्या सुयांनी? मी तेथे उभा राहून मनात मत देऊन टाकले. मी सुयांच्या बाजूचा होतो. पण रात्री धर्मशाळेत पडल्यावर वाटले, यात आपली लबाडी आहे. ट्रामने कामाला जाणारा गिरणीकामगार मी नव्हतो. दुसऱ्याच्या पायपिटीवर शुद्धतेचा आग्रह धरणे फार सोपे असते. त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस. या जागेवर आलेले पहिले हिंदी गृहस्थ. ट्राम रोखण्यापेक्षा त्यांनी आपल्या सुयांसाठी दुसरी जागा शोधली. खाडीपलीकडे, मुंबईपासून तीसेक किलोमीटरवर अलिबाग त्यांना योग्य वाटले. तेथे इमारत उठली, १९०४ साली मोजणी सुरू झाली, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली.

परंतु मला या साऱ्यात सर्वांत मोठी वाटते ती मधली दोन वर्षे. १९०४ ते १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली होती. कारण जागा बदलली की आकडे बदलतात. अलिबागचा आकडा कुलाब्याच्या आकड्याहून किती वेगळा पडतो, हे ठाऊक असल्याशिवाय जुनी वही आणि नवी वही जोडता येत नाही. घर बदलताना आपण भांडी मोजून घेतो. जुन्या घरात आपण कसे होतो आणि नव्यात कसे झालो, याचा ताळा कोण ठेवतो? गरिबीतून बऱ्या दिवसांत आलेला माणूस आपली जुनी मापे अशी दोन वर्षे शेजारी ठेवून पाहील, तर पुष्कळ गोष्टी बोलायच्या राहून जातील! पुढे १९१० साली मूस यांनी कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे दोन खंड छापून काढले. आणि ज्या ट्रामसाठी हा सारा खटाटोप झाला, ती १९६४ च्या मार्चअखेरीस कायमची बंद पडली. अलिबागची मोजणी मात्र आजही चालू आहे. यावरून ट्राम चुकली होती असे मी म्हणणार नाही. तिने सत्तावन्न वर्षे माणसे वाहिली.

त्या जुन्या वह्यांतल्या एका पानाची हकीकत मी मुलांना दोनदा सांगायला लावली. १८५९ च्या सप्टेंबरात, १ तारखेला, कॅरिंग्टन नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाला इंग्लंडात सूर्यबिंबावर एकाएकी पांढराशुभ्र लखलखाट दिसला. नंतर सतरा-अठरा तासांत पृथ्वीवर चुंबकी वादळ कोसळले. अमेरिकेत तारायंत्राची माणसे बॅटऱ्या काढून ठेवून नुसत्या त्या वादळाच्या विजेवर निरोप पाठवू शकली, असा तो प्रकार. कुलाब्याला त्या वेळी आपोआप रेघ ओढणारे यंत्र नव्हते. माणूस दुर्बिणीतून सुईचे स्थान वाचायचा आणि हाताने आकडा लिहायचा. एरवी तासातासाला वाचन. सुई बिथरली की लवकर लवकर. त्या दिवशी सुई अशी काही घसरली, की आजच्या मापात ती घसरण सुमारे १,६०० नॅनोटेस्ला भरते. लिहिणाऱ्याला काय वाटले असेल? सूर्याची बातमी त्याला नव्हती. यंत्र बिघडले, आपला डोळा चुकला, साहेब रागावेल, असे शंभर विचार त्याच्या मनात येण्याजोगे होते. शेजारच्या आकड्यांशी जुळेल असा आकडा लिहून टाकणे काही अवघड नव्हते. त्याने दिसले ते लिहिले. ते पान पडून राहिले, आणि २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लाखिना आणि अ‍ॅलेक्स या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या आकड्यांवरून ते वादळ केवढे प्रचंड होते हे जगाला सांगितले. २०२४ च्या मे महिन्यात लडाखमध्ये हानले येथे आकाश तांबडे झाले, तेव्हा या जुन्या पानाची आठवण पुन्हा निघाली. वीस वर्षांत झाले नव्हते असे ते वादळ. पण १८५९ च्या मानाने धाकटेच.

मी त्या नाव नसलेल्या लिहिणाऱ्याचा विचार करीत होतो, तोच आमच्या सातवीतल्या एका पोराने हात वर केला. "सर, किल्ल्या बाहेर ठेवल्या. पण भिंतीच लोखंडाच्या असल्या तर?"

ते गृहस्थ खूश झाले. म्हणाले, "शाबास! म्हणून तर इथं पोरबंदरचा दगड आणला. आपला काळा दगड चालला नसता. त्याच्या अंगातच चुंबकी कण असतात. खिळे, बिजागऱ्यासुद्धा तांब्यापितळेच्या." पुढे ते सांगू लागले, की महाराष्ट्राचा हा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून थिजला. थिजताना त्या वेळच्या चुंबकत्वाची दिशा त्याने अंगात धरून ठेवली. आणि बहुतेक ठिकाणी ती आजच्या नेमकी उलटी सापडते, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकी ध्रुवच उलटे होते.

मुले हसली. मला हसू आले नाही. काळ्या दगडाच्या घरात मी जन्मलो. आमची शाळा काळ्या दगडाची. मच्छिंद्रगडावर एकदा मुलांबरोबर होकायंत्र नेले होते, ते एका काळ्या शिळेजवळ धरताच सुई कलली, आणि "होकायंत्र स्वस्तातलं आहे" असे म्हणून मी विषय मिटवला होता. दोष सुईला दिला. शिळेवर तर मी बसलो होतो.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती आजवर कोणाला सांगितलेली नाही.

आदल्या वर्षी जानेवारीत तालुक्यातील मुलांसाठी निबंधांची एक स्पर्धा झाली. बक्षीस सायकलीचे. परीक्षक मी. निबंधाचा विषय 'माझी दिवाळी'. नावांवर कागद चिकटवलेले. तरी एक वही मी ओळखली. माझ्याच वर्गातल्या मुलाची होती. त्याच्या 'श' ला मीच वळण लावले होते. मी सावध झालो. आपला विद्यार्थी म्हणून हात सैल सुटेल, असे मनाशी म्हणून मी त्याचा अर्धा गुण मुद्दाम कमी केला, आणि निःपक्षपातीपणाच्या समाधानात चहा मागवला. ही माझ्या खिशातली किल्ली होती. ती मी बाहेर काढून ठेवली. मला वाटले, झाले, आता मोजायला हरकत नाही.

दुसरी वही एका मुलीची होती. आईबाप ऊसतोडीला बीडकडून आलेले, पोरगी हंगामापुरती येथील एका शाळेत बसलेली. तिने लिहिले होते, की आमची दिवाळी वाटंतच असते. ट्रकात भांडी, बाजलं, शेळी आणि आम्ही. गेल्या साली पाडव्याला कोपीत आलो. मायनं पणती कोपीच्या बाहेर लावली, आत लावली असती तर पाचटाला पेट लागंल म्हणून. मग वारा सुटला आणि पणती राहिना, तेव्हा मायनं हाताचा आडोसा धरला आणि आम्ही पटकन पाया पडून घेतलं.

मी 'वाटंत' खाली तांबडी रेघ ओढली. 'लागंल' खाली ओढली. 'मायनं' खाली ओढली. शुद्धलेखनाचे आणि भाषेचे मिळून दीड गुण कापले. माझ्या विद्यार्थ्याने आकाशकंदील, करंज्या, उटणे हे सारे पाठ्यपुस्तकासारखे स्वच्छ लिहिले होते. त्याला पन्नासात साडेसदतीस पडले, तिला सदतीस. मार्चअखेर निकाल लागला तोवर तोडणी संपून कोप्या उठल्या होत्या. सायकल माझ्या विद्यार्थ्याला मिळाली. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

अलिबागहून परतताना एसटीत मला ती पणती आठवत राहिली. निबंध वाचून दीड महिना होऊन गेल्यावर, निकालाच्या दिवशीसुद्धा, मला त्या मुलाच्या निबंधातले एक वाक्य आठवत नव्हते. आणि तिचा हाताचा आडोसा मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हता. हे मी तेव्हा आकड्यात का धरले नाही? माझ्या मायनेही (आम्ही तिला आईच म्हणत असू, पण तिची आई तिची मायच होती) जन्मभर 'लागंल'च म्हटले. त्याहून वाईट गोष्ट अशी, की माझ्या कादंबऱ्यांतली माणसे असेच बोलतात. एका समीक्षकाने त्या बोलीला 'अस्सल' म्हटले, त्याचे कात्रण मी जपून ठेवले आहे. म्हणजे जी भाषा मी लिहिली की कसदार, ती ऊसतोडीच्या पोरीने लिहिली की दीड गुणाने अशुद्ध! लबाडीने गुण कापले असते तर निदान मनाला टोचले तरी असते. मी तर चहा पीत होतो.

कोणी म्हणेल, मास्तर, नियम म्हणजे नियम. शुद्धलेखन नको काय? हवे. मी ते शिकवूनच पोट भरतो. पण स्पर्धा शुद्धलेखनाची नव्हती, निबंधाची होती, आणि मी मोजत होतो काय? मी माझी शाळा मोजत होतो. यंत्र खोटे बोलत नव्हते.

मग उपाय काय? पोरबंदरहून दगड आणून मला नवे डोके बांधता येणार नाही. हे त्या गृहस्थांना विचारायची लाज वाटली, पण त्यांनी न विचारताच एक गोष्ट सांगून ठेवली होती. बिनलोखंडी थिओडोलाइटच्या दुर्बिणीवर चुंबकमापक बसवून दिशा मोजतात, तेव्हा एकाच वाचनावर कधी विसंबत नाहीत. कारण तो मापक दुर्बिणीच्या रेषेत अगदी तंतोतंत बसवणे कोणत्याच कारागिराला साधत नाही. केसभर तिरकेपणा राहतोच. म्हणून दुर्बीण सुलटी ठेवून वाचतात, उलटी करून वाचतात; एका बाजूस तोंड करून वाचतात, दुसऱ्या बाजूस फिरवून वाचतात. चार वाचने होतात, चारही थोडी वेगळी. त्यांची सरासरी घेतली की यंत्राचा तिरकेपणा एकदा इकडे आणि एकदा तिकडे पडून आपोआप फिटतो. तिरकेपणा काढून टाकता येत नाही, हे त्यांनी आधीच मान्य केलेले असते.

त्या मुलीचा मी शोध केला. शाळेच्या हजेरीत गावाचे नाव होते, पण पुढच्या हंगामात ते कुटुंब आमच्या बाजूस आले नाही. कर्नाटकात गेले, असे मुकादमाकडून कळले. दीड गुण माझ्याकडेच राहिले आहेत.

यंदा पुन्हा वह्यांचा गठ्ठा आला. परीक्षक म्हणून नाव माझेच होते. मी अट घातली, की दुसरा परीक्षक हवा आणि तो आमच्या बाजूचा नको. बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षकमित्राला वह्या पाठवल्या. त्याने आपले गुण वेगळ्या कागदावर लिहून, पाकीट बंद करून धाडले. काल वसुबारसेला आम्ही दोघे फोनवर आकडे ताडून पाहत बसलो होतो. पुष्कळ ठिकाणी जुळले. एका वहीत मात्र तीन गुणांचा फरक निघाला. वारणाकाठच्या एका पोराने लिहिलेला निबंध. मला फार आवडलेला, त्याला मुळीच न आवडलेला. "अहो, यात 'काय वं' आणि 'हाय का न्हाई' सोडून आहे काय?" तो म्हणाला. मी तावातावाने त्या वहीची बाजू मांडू लागलो आणि अर्ध्यातच थांबलो. तो फोनवर हसत होता.

भाऊबीज झाली की वहीच्या प्रती अदलाबदल करून आम्ही दोघे पुन्हा पहिल्यापासून वाचणार आहोत.